बाजाराच्या पिशवीतली म्हातारी

दसरा सरलेला असतो, दिवाळीला अजून आठ-दहा दिवस असतात, परतीचा पाऊस जाता जाता दोन टपोऱ्या सरी देऊन गेलेला असतो आणि दुपारचं ऊन असं चटकतं की डोक्यावरची टोपी काढावी तरी पंचाईत आणि ठेवावी तरी पंचाईत. अशा दिवसांत आमच्या गावचा आठवडी बाजार बघावा. गाव पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या काठचं. एरवी ज्या पटांगणात कुत्री ऊन खात पडलेली असतात तिथं बाजाराच्या दिवशी पहाटेपासून पालं ठोकली जातात, बारदानं अंथरली जातात, टेम्पोतून पाट्या उतरतात आणि नऊ वाजेस्तोवर अशी गर्दी होते की आपली चप्पल आपल्याच पायात आहे का, हे वाकून बघायचीही सोय राहत नाही. आषाढात याच बाजारात पालेभाजी सोडली तर फारसं काही नसतं. आश्विनात मात्र सगळ्या रानाला एकदम जाग येते. ओल्या शेंगांचे ढीग, आवळ्यांचे वाटे, झेंडूच्या उरलेल्या माळा, कापून ठेवलेल्या लाल भोपळ्याच्या केशरी फोडी आणि या सगळ्यांच्या वर बसलेलं आमच्या भागाचं दैवत, म्हणजे सीताफळ.

परवाच्या बाजाराला मी थोरल्या नातवाला आणि धाकट्या नातीला घेऊन गेलो होतो. नात सहा वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीचं ‘का’ हवं असतं. नातू बारा वर्षांचा. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. सीताफळांच्या पाटीमागं एक म्हातारी बसली होती, वरच्या वाडीवरची, वर्षानुवर्षं तिथंच बसणारी. मी एक फळ उचलून दाबू लागलो तर तिनं माझ्या हातावर चापटच मारली. म्हणाली, “आबा, दाबू नगा. डोळं बघा की त्याचं, डोळं!” सीताफळाच्या अंगावरचे जे फुगीर खवले असतात त्यांना आमच्याकडं डोळे म्हणतात. फळ कच्चं असलं की डोळे एकमेकांना घट्ट चिकटून असतात, आणि तयार झालं की त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात, पांढरट-पिवळसर दिसू लागतात. मग म्हणायचं, डोळे उघडले. उघडल्या डोळ्यांचं फळ तोडावं. घरी दोन-चार दिवसांत ते असं मऊ होतं की नुसत्या बोटानं उकलतं. मिटल्या डोळ्यांचं तोडलं तर आठवडाभर ठेवा, दगडाचा दगड. म्हातारीनं सहा फळं निवडून दिली. दोन आज खायची, दोन उद्याची, दोन परवाची. भाव ठरल्यावर वर एक टाकायला लावलं, त्याशिवाय बाजार केल्यासारखं वाटत नाही. तिनंही ते टाकताना तोंड वाकडं केलं, कारण त्याशिवाय तिलाही विकल्यासारखं वाटत नसावं.

तर अशी पिशवी भरून घरी आलो, संध्याकाळी लाईट गेली, सूनबाईंनी कंदील आणून ओसरीवर ठेवला आणि नातीनं पिशवी तिथंच पालथी केली. सीताफळं गडगडली, शेंगा पसरल्या, आवळे कोपऱ्यात पळाले आणि भोपळ्याची फोड तेवढी जागच्या जागी बसली. नातीनं परवाच्या वाट्याचं एक हिरवं सीताफळ उचललं, नखानं टोकरलं आणि पहिलं ‘का’ टाकलं : “आबा, हे आजच का गोड नाही?”

आता या प्रश्नाचं उत्तर मला शाळेत कुणी दिलं नव्हतं. पण ते माझ्या आजीनं मला नकळत दिलं होतं, आणि तुम्हालाही तुमच्या आजीनं दिलेलं आहे. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवते ना? म्हातारी जंगलातून लेकीकडं निघालेली, हाडांची काडं झालेली. वाटेत वाघोबा भेटतो, म्हणतो, तुला खातो. म्हातारी म्हणते, अरे, आत्ता खाऊन तुला काय मिळणार? लेकीकडं जाते, तूप-लोणी खाऊन लठ्ठ होते, परत येते, मग खा. वाघोबा बिचारा थांबतो. आणि म्हातारी परत येते ती भोपळ्यात बसून, वाघाच्या नाकासमोरून टुणकन निघून जाते. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आणि हजार वेळा सांगितली, पण ती खरी आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बाजारातलं प्रत्येक फळ म्हणजे ती म्हातारी आहे. कच्चं असताना ते हिरवं, कडक, तुरट, आंबट. म्हणजे काय? तर आत्ता नको, लठ्ठ होऊ दे, मग खा. कारण आतली बी अजून कोवळी असते. तिच्यावर कवच चढलेलं नसतं, तिची शिदोरी बांधून झालेली नसते. ती तयार झाली की फळ आपला रंग बदलतं, पीठ मोडून साखर करतं, आंबटपणा आवरतं, पेशींना धरून ठेवणारी खळ सैल सोडतं, गावभर वास सोडतं आणि म्हणतं, ये बाबा, आता खा. खाणारा गर खातो, खूश होतो. आणि बी कवचात बसून त्याच्या नाकासमोरूनच पुढच्या मुक्कामाला जाते.

नातवाला गोष्ट पटली, पण तो बारा वर्षांचा. म्हणाला, “फळाला कळतं कसं, आता पिकायचं म्हणून?” बघा, कंदिलाकडं बोट दाखवून मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं. विजेचे दिवे येण्यापूर्वी युरोपातल्या शहरांत रस्त्यावर गॅसचे दिवे असायचे. दगडी कोळशापासून काढलेला तो गॅस जमिनीखालच्या नळांतून यायचा, आणि नळ कुठं गळत असला की त्या भागातली झाडं भर उन्हाळ्यात पानं गाळून उभी राहायची. लोक म्हणायचे, दिव्याची बाधा झाली. पुढं १९०१ च्या सुमाराला रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये, दिमित्री नेल्युबोव नावाचा एक तरुण संशोधक प्रयोगशाळेच्या खोलीत वाटाणे रुजवत होता. बाहेर मोकळ्या हवेत वाटाण्याचे कोंब सरळ वर जायचे आणि खोलीत मात्र बुटके, जाडे आणि आडवे व्हायचे, जणू पलंगावर लोळताहेत. त्यानं चिकाटीनं माग काढला तेव्हा कळलं की खोलीतल्या दिव्याच्या गॅसमध्ये इथिलीन नावाचा एक वायू असतो, आणि ही सगळी करणी त्या एवढ्याशा वायूची. आणि गंमत पुढंच आहे. १९३४ मध्ये इंग्लंडात गेन नावाच्या संशोधकानं दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं! म्हणजे फळ पिकायला लागलं की इथिलीन सोडतं, त्या इथिलीननं ते आणखी पिकतं, आणखी सोडतं, आणि शेजारच्या फळालाही उठवतं. पहाटे एका घरचा कोंबडा आरवला की आळीतले सगळे आरवतात, तसं.

आता हे सगळं त्या शास्त्रज्ञांच्या आधी शेकडो वर्षं आपल्या बायाबापड्यांना नावानिशी नसलं तरी गुणानिशी ठाऊक होतं. आंब्याची आढी कशाला घालतात? पेंढ्यात फळं कोंडून ठेवली की त्यांचा वायू त्यांच्यातच राहतो, ऊब राहते आणि सगळी एकजात पिकतात. आणि एक नासका आंबा सगळी आढी नासवतो म्हणतात, तेही खोटं नाही. जखमी, नासक्या फळातून हा वायू जरा जास्तच सुटतो. माझी आई सीताफळं तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. मी रात्री हळूच हात घालून चाचपायचो, आणि सकाळी तांदळात बोटांचे खड्डे बघून तिला चोर कळायचा. एवढं मात्र ध्यानात ठेवा, सीताफळ कच्चं असताना फ्रीजमध्ये ठेवू नये. ते गरम मुलखातलं झाड. थंडीनं त्याचं पिकणंच बिघडतं आणि साल काळी पडते.

एव्हाना नातीनं आजच्या वाट्याचं फळ उकललं होतं. सीताफळाची खरी नवलाई त्या डोळ्यांत आहे. आंब्याला एक कोय, कारण फुलाच्या पोटात एकच घर. सीताफळाच्या फुलात मात्र पन्नासेक किंवा त्याहूनही जास्त बारीक बारीक घरं दाटीवाटीनं बसलेली असतात, प्रत्येकात एक बी व्हायची सोय. प्रत्येक घराचं वेगळं फळ होतं आणि ती सगळी फळं एकमेकांना चिकटून वाढतात. म्हणजे आपण एक सीताफळ खातो तेव्हा खरं तर एक अख्खी चाळ खात असतो. एकेक डोळा म्हणजे एकेक खोली. आणि हे फूल बघितलंय का कधी? पावसाच्या सुरुवातीला पानाआड लोंबतं, हिरवट, मांसल, तीनच लांबट पाकळ्या, त्याही धड उघडत नाहीत. मधमाशी त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. ते फूल आधी बाईचं काम करतं, म्हणजे पराग घ्यायला तयार असतं, पण स्वतःचे पराग देत नाही. ती पाळी उलटून गेल्यावर बुवा होतं आणि पराग सोडतं. म्हणजे स्वतःशी त्याचं लग्न लागणं कठीण. मग मध्यस्थ कोण? तर बारीक बारीक भुंगेरे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. फुलाच्या पिकल्यासारख्या वासाला भुलून ते पाकळ्यांच्या फटीतून आत शिरतात, अंगाला पराग माखून बाहेर पडतात आणि दुसऱ्या फुलात शिरतात. जेवढ्या घरांना पराग पोचला तेवढी घरं फुगली. ज्या बाजूला भुंगेरा पोचलाच नाही ती बाजू खुरटी राहिली. म्हणून बाजारात वाकडं सीताफळ दिसलं की लोक ते बाजूला सारतात. मी मात्र ते हातात घेऊन बघतो. त्या वाकडेपणात एका भुंगेऱ्याचा अर्धवट राहिलेला दिवस लिहिलेला असतो.

आणि बी? काळी, गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखी. गर तोंडात विरघळतो आणि बी जिभेवरून निसटते, दातात सापडतच नाही. हाच तिचा डाव. त्यातूनही कुणी फोडली, तर आत विष. जुन्या बायका या बियांची पूड करून उवांसाठी डोक्याला लावायच्या. पण ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना मोठी इजा होते, तेव्हा त्या वाटेला कुणी जाऊ नये. म्हणजे झाडाचा करार सरळ आहे : गर तुझा, बी माझी. अख्खी बी गिळली तर मात्र काही होत नाही, जशी आत जाते तशीच बाहेर येते. मी सात वर्षांचा असताना एक बी गिळली होती आणि आमच्या चुलत्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की आता कानातून फांदी येणार. मी आठ दिवस कान चाचपत फिरलो, आणि नवव्या दिवशी खरोखर कानात काहीतरी टोचलं तेव्हा जो आकांत केला तो अजून भावकीत सांगतात. निघालं ते कुसळ.

सीता आपली, राम आपला, तेव्हा सीताफळही आपलंच असं आपण धरून चालतो. वनवासात सीतामाईनं ते खाल्लं वगैरे कथाही डोंगराडोंगरावर आहेत. पण या झाडाचं माहेर आहे सातासमुद्रापलीकडं, अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ते इकडं आलं असं मानतात. आलं आणि असं रुळलं की पुरंदरच्या उतारावर, दौलताबादच्या किल्ल्याभोवती, बालाघाटच्या खडकाळ डोंगरांत कुणी न लावता उगवू लागलं. पाणी कमी, माती उथळ, तरी तक्रार नाही. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प उभं राहायचं, पहिल्या पावसाला फुटायचं. आणि मोठी गोष्ट म्हणजे त्याचा कडवट पाला शेळीही खात नाही. ज्या मुलखात शेळीनं तोंड लावलं नाही असं झाड शोधून सापडत नाही तिथं हा केवढा मोठा आशीर्वाद!

शेंगांकडं आता जरा बघू, कारण नातवानं तोवर अर्धा ढीग संपवला होता. ओली शेंग, मिठाच्या पाण्यात उकडलेली, आश्विनातला याहून स्वस्त आणि सुंदर खाऊ मला माहीत नाही. पण शेंग ही उफराट्या डोक्याची म्हातारी. ती म्हणते, मी लेकीकडं जातच नाही. इथंच भुयार खणून बसते. भुईमुगाचं फूल पिवळं, सकाळी उमलतं, आपल्यातच आपलं लग्न उरकतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. पुढं चार-आठ दिवसांत त्या जागी एक टोकदार देठ फुटतो, त्याला शेतकरी आऱ्या म्हणतात. बाकी सगळी झाडं आपली फळं उन्हाकडं, वाऱ्याकडं उंच धरतात. ही आऱ्या मात्र खाली मान घालून मातीकडं निघते, सुईसारखी जमिनीत घुसते, दोनेक बोटं खोल जाऊन आडवी होते आणि मगच तिचं टोक फुगून शेंग होते. अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाल्याशिवाय शेंग धरत नाही. उंचावरच्या फुलाची आऱ्या जमिनीपर्यंत पोचली नाही तर ती हवेतच वाळते. म्हणून तर काही शेतकरी आऱ्या सुटल्यावर उभ्या पिकावरून रिकामा ड्रम लोळवतात. पहिल्यांदा एका शेजाऱ्याला हे करताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, याचं आणि भावाचं भांडण झालं असणार आणि हा भावाच्या रानाचा सूड घेतोय. तसं नव्हतं, तो आऱ्यांना माहेरची वाट दाखवत होता. आणि ही शेंग मातीत नुसती लपत नाही. तिला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, ती आपल्या टरफलातूनच थेट मातीतून शोषून घेते. म्हणून आऱ्या सुटताना रानात जिप्सम टाकतात.

शेंगांचा वेल उपटला की मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखानं फोडून बघा, आतून गुलाबी. त्या गाठींत जिवाणू भाड्यानं राहतात. हवेतला नत्रवायू धरून झाडाला खाऊ घालतात आणि भाडं म्हणून साखर नव्हे, हो, चुकलो, साखर तर झाडच त्यांना देतं. भाडं ते नत्रात देतात. म्हातारपणी हिशेब असा उलटा होतो. तर त्या गाठींचा गुलाबी रंग आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याच्या नात्यातल्याच एका द्रव्याचा असतो. शेंगेच्या मुळाचं आणि आपल्या नसांचं असं दूरचं सोयरेपण आहे. भुईमुगाचं माहेरही दक्षिण अमेरिकेतलंच. सूनबाई मधेच म्हणाल्या, “म्हणजे आमचा दाण्याचा कूट परका?” म्हटलं, एकटा कूटच काय, उपासाची अख्खी खिचडी परकी : दाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचा. घरचं म्हणाल तर तूप. सूनबाई काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “उद्या एकादशी नाही तेच बरं.”

आवळा मात्र अस्सल इथला. कार्तिकात आपण आवळीखाली जेवायला बसतो, पण वर मान करून झाड कधी नीट बघत नाही. आवळ्याचं पान म्हणून आपण जे दाखवतो, ते चिंचेच्या पानासारखं पिसांचं, ते पान नसतंच. ती एक बारीक डहाळी असते आणि तिच्यावरची एकेक बारीक पट्टी हे एकेक पान. झाड पानगळीला पानं नुसती गाळत नाही, डहाळ्यांसकट गाळून मोकळं होतं. आणि फळ? इतकं आंबट-तुरट की ते ‘लठ्ठ झाल्यावर खा’ असं कधी म्हणतच नाही असं वाटतं. पण त्याचा वाघोबा वेगळा आहे. रानात चितळ, सांबर, भेकर झाडाखाली पडलेले आवळे भराभरा गिळतात. हे रवंथ करणारे प्राणी. मग दूर कुठं तरी सावलीत बसून निवांत रवंथ करताना ती टणक बाठी तोंडात येते, चावत नाही, मग थुंकून टाकतात. पुढं उन्हानं वाळली की बाठी तडकते आणि आतल्या बिया बाहेर उडतात. एवढ्याशा आंबट गराच्या बदल्यात झाडाच्या लेकरांना जंगलभर फुकट प्रवास. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि ही युक्ती माणसाच्या आधी आवळ्यानं काढलेली. नातीनं एक आवळा खाल्ला, तोंड असं केलं की कंदीलही हसला असता, आणि वर पाणी प्यायली. “गोड!” म्हणाली. आवळ्यानंतरचं साधं पाणी गोड लागतं, ही बाजारातली एकमेव वस्तू जी आपण घेतलेली नसते आणि तरी पिशवीत येते.

शेवटी उरली ती भोपळ्याची फोड, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच एवढा वेळ घेतला. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसली ती कशी? नातवाला ते कायम थापेबाजी वाटायचं. पण ऐका. दुधी भोपळ्याच्या भाऊबंदांत टणक सालीचे भोपळे असतात. वाळले की आत पोकळ, बिया खुळखुळणाऱ्या. या भोपळ्याचं मूळ आफ्रिकेतलं. पण कोलंबस जायच्या हजारो वर्षं आधीच तो अमेरिकेत होता. नेला कुणी? तर कुणीच नाही. १९५४ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी असे भोपळे समुद्राच्या पाण्यात सात महिन्यांहून जास्त तरंगत ठेवले आणि मग बिया पेरल्या, त्या उगवल्या. आणि २०१४ मध्ये जनुकांची तपासणी करून संशोधकांनी सांगितलं की अमेरिकेतले जुने भोपळे आफ्रिकेतल्या भोपळ्यांचेच वंशज, अटलांटिक महासागरावरून वाहत गेलेले. म्हणजे म्हातारी खरोखरच भोपळ्यात बसून समुद्र ओलांडून गेली, लाटांवर टुणूक टुणूक उडत. असेच पोकळ भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मिरजेला जातात आणि तिथले कारागीर त्यांचे तंबोरे करतात. ज्या पोकळीत बी समुद्र तरली त्याच पोकळीत षड्ज घुमतो.

लाल भोपळ्याची कथा आणखी हळवी आहे. त्याचे रानटी पूर्वज अमेरिकेतले, चेंडूएवढे आणि जहर कडू. तो कडूपणा उंदरासारख्या बारक्या दातवाल्यांना सोसत नाही, आणि ते बिया कुरतडणारे म्हणून त्यांना लांबच ठेवायचं होतं. भोपळ्याचा वाघोबा होता हत्तीच्या नात्यातला मास्टोडॉन. एवढ्या धिप्पाड जनावराला त्या कडूपणाचं काय! तो अख्खा भोपळा गिळायचा आणि बिया कोसभर लांब शेणातून टाकायचा. फ्लोरिडात त्याच्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेणात या बिया मिळाल्या आहेत. पण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हे थोराड प्राणी नामशेष झाले. म्हातारी भोपळ्यात बसून राहिली आणि वाघोबाच मेला! रानभोपळे जागोजागी आटत गेले. वाचले ते कुणाचे? ज्यांना त्याच सुमाराला एका दोन पायांच्या प्राण्यानं उचललं. मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून माणूस भोपळा लावतोय. कमी कडू निवडत, मोठा निवडत, इथपर्यंत आणलाय. कडूपणा पुरता मेलेला नाही, क्वचित एखाद्या फळात पूर्वज जागा होतो. दुधीचीही तीच खोड, म्हणून जुन्या बायका दुधी चिरताना टोकाची चकती जिभेवर ठेवून बघतात. कडू लागला तर तो टाकूनच द्यावा, शिजवू नये आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये, विषबाधा होते.

इथवर आलो आणि लाईट आली. पोरं ‘आली!’ म्हणून ओरडली आणि कंदिलाचा मान संपला. नात मात्र ओंजळीत सीताफळाच्या बिया घेऊन बसली होती. म्हणाली, “आबा, म्हणजे मेलेल्या वाघोबाच्या जागी आता आपण?” मी म्हटलं, हो. ती उठली, न्हाणीमागं गेली आणि सगळ्या बिया अंधारात फुर्रकन उडवून आली.

तिथं आधीच एक सीताफळ उभं आहे. तीस वर्षांचं असेल, दर आश्विनात पाटीभर फळ देतं. ते आमच्या घरात कुणीही लावलेलं नाही.